गावचा झोन: बदलून कसा घ्यायचा, पाळायला कसा लावायचा

हायवेला लागून असलेल्या वावरात जेसीबी येतो. धुरे सपाट होतात, चुन्याच्या रेषा पडतात, कोपऱ्यांवर सिमेंटचे खांब रोवले जातात आणि ‘प्लॉट विक्रीस उपलब्ध, बुकिंग सुरू’ असा फ्लेक्स लागतो. पानठेल्यावर आठ-पंधरा दिवस चर्चा होते. मग सरपंच आणि चार-सहा जण तहसीलमध्ये जाऊन निवेदन देतात, त्याचा फोटो पेपरात येतो. पावसाळा लागेपर्यंत बाजूचा नाला मुरमाने निम्मा बुजलेला असतो आणि पहिल्याच मोठ्या पावसात वरच्या कास्तकाराची पऱ्हाटी पाण्यात उभी राहते.

अशी निवेदने वाया जातात त्याला फक्त अधिकाऱ्यांची ढिलाई कारण नसते. निवेदन ज्याच्या हातात निर्णय नाही त्याला दिलेले असते. त्यात खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे किंवा गट क्रमांक) नसतो, कोणता नियम मोडला ते नसते, नेमके काय करून हवे तेही नसते. अशा कागदावर कारवाई करायची म्हटली तरी अधिकाऱ्याला करता येत नाही. जमीन-वापराचा नियम बदलून घेणे आणि आहे तो पाळायला लावणे, दोन्ही कामे गावाला जमण्यासारखी आहेत. त्यासाठी योग्य दार शोधावे लागते आणि कागद पक्का लागतो. हा लेख त्यासाठीच आहे.

आधी ठरवा: तुमच्या गावावर नियोजनाचा अधिकार कोणाचा?

आपल्याकडे विदर्भात हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे, म्हणून इथे थोडे थांबू या.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा या सगळ्याचा मूळ कायदा. ग्रामीण भागासाठी या कायद्याखाली प्रादेशिक योजना होते. तिच्या नकाशात प्रत्येक तुकडा कुठल्या तरी विभागात म्हणजे झोनमध्ये असतो: शेती, रहिवास, औद्योगिक, सार्वजनिक-निमसार्वजनिक, वन वगैरे. अशी योजना लागू असलेल्या भागात जमिनीचा वापर बदलायला किंवा बांधकामाला कलम १८ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि ते नगररचना कार्यालयाचा अभिप्राय घेतात. म्हणजे साध्या गावात मुख्य दार जिल्हाधिकारी कार्यालयाचे, आणि तांत्रिक दार जिल्ह्याच्या ठिकाणच्या सहायक संचालक, नगररचना यांचे.

पण सगळी गावे साधी नाहीत. नागपूरभोवतीच्या सातशेहून जास्त गावांसाठी नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण नियोजन प्राधिकरण आहे. तिथे लेआउटची, म्हणजे प्लॉट पाडण्याच्या रेखांकनाची, तक्रार तहसीलदाराकडे नेली तर ती फिरत फिरत प्राधिकरणाकडेच जाते आणि मधले दोन-तीन महिने हातचे जातात. समृद्धी महामार्गावर नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा या पट्ट्यात नवनगरांसाठी जी गावे अधिसूचित झाली, तिथे रस्ते विकास महामंडळाचा अधिकार येतो. एमआयडीसीच्या हद्दीत एमआयडीसी हेच विशेष नियोजन प्राधिकरण. तालुक्याच्या ठिकाणी ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली असेल तर नियोजन प्राधिकरण ती नगरपंचायत. ताडोबा, पेंच, मेळघाट, बोर किंवा नवेगाव-नागझिऱ्याच्या काठचे गाव असेल तर पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेतली बंधने या सगळ्याच्या वर बसतात.

गावठाणाच्या आत, म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत आबादीत, बांधकाम परवानगी ग्रामपंचायत देते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ५२ हा त्याचा आधार. गावठाणाबाहेर ग्रामपंचायतीचे ‘ना हरकत’ मागितले जाते, पण त्या कागदाने झोन बदलत नाही आणि तो कागद बांधकामाची परवानगीही होत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घर चढले, कर भरला, म्हणजे सगळे कायदेशीर झाले असा समज गावोगावी आहे. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. मालकी आणि परवानगी यांचा तो पुरावा नाही.

पहिले काम म्हणून एका पानावर लिहून काढा: आमचे गाव कोणत्या योजनेत आहे, ती योजना कधी मंजूर झाली, नियोजन प्राधिकरण कोण, गावठाणाची हद्द कुठपर्यंत. हे उत्तर नगररचना कार्यालयात लेखी अर्ज देऊन मिळवा, तोंडी नको. जिथे कोणतीच योजना लागू नाही तिथे जमीन महसूल संहिता आणि तिच्याखालचे १९६९ चे अकृषिक वापराचे नियम पाहावे लागतात.

मग कागद काढा

फाईलमध्ये हे कागद हवेत. त्या जमिनीचा सातबारा आणि फेरफार. झोन दाखला आणि भाग नकाशा, हे दोन्ही नगररचना कार्यालयातून मिळतात आणि वादाच्या वेळी सगळ्यात जास्त उपयोगी पडतात. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा. गावठाणातली जागा असेल तर आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड). स्वामित्व योजनेत तुमच्या गावाची ड्रोनने मोजणी झाली असेल तर त्या नकाशाची प्रत, कारण गावठाणाची हद्द त्यात स्पष्ट दिसते. अंदाज घेण्यापुरता सरकारच्या ‘महाभूनकाशा’ संकेतस्थळावरचा नकाशा मोबाइलवर पाहता येतो, पण तक्रारीला जोडायची ती सही-शिक्क्याची प्रत.

सातबारा वाचताना इतर हक्काचा रकाना सोडू नका. नाला, पांदण (शेतरस्ता), विहिरीवरचा रस्ता, कुळाची नोंद, वर्ग २ ची (विकायला सरकारी परवानगी लागण्याची) अट, सगळे तिथे सापडते. लेआउटवाल्याने दाखवलेल्या रंगीत नकाशात पांदण नसते आणि गाव नकाशात असते, असे बरेचदा निघते. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून पाहिले की अर्धा युक्तिवाद तयार होतो.

कागद मिळत नसेल तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांत बसवायचा असतो, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘सर्व माहिती द्या’ असे लिहू नका. असे लिहा: “मौजा अमुक, खसरा क्र. अमुक या जमिनीवर १ जानेवारी २०२३ पासून आजपर्यंत दिलेली विकास परवानगी, मंजूर रेखांकन, अकृषिक आदेश व मोजणी नकाशा यांच्या प्रती. अशी परवानगी दिलेली नसल्यास तसे कळवावे.” शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे. ‘या खसऱ्यासाठी परवानगी दिलेली नाही’ हे एका ओळीचे सरकारी उत्तर पुढे प्रत्येक कार्यालयात चालते. उत्तर नाही आले तर पहिले अपील, त्यानंतर दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या नागपूर किंवा अमरावती खंडपीठाकडे.

नियम खरोखर मोडला आहे का?

या पायरीवर गावे घसरतात. शेती झोनमध्ये काहीही बांधले की बेकायदा, असे धरून तक्रार होते आणि समोरचा नियमावली उघडून दाखवतो की हे चालते. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागात एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. प्रादेशिक योजनेतल्या गावांनाही तीच. तिच्यात शेती विभागात बरेच वापर अटींवर चालतात: फार्म हाउस, कुक्कुटपालन, गोदाम, शीतगृह, वीटभट्टी, पेट्रोल पंप, शाळा, दवाखाना आणि इतर. फार्म हाउसलाही किमान जमिनीची अट आहेच, पण वापर मुळात परवानगीयोग्य आहे. गावठाणाला लागून ठरावीक अंतरापर्यंत रहिवासाला वाट आहे, आणि ते अंतर गावाच्या लोकसंख्येवर ठरते. महसूल संहितेतही कलम ४२-ब, ४२-क, ४२-ड आल्यापासून अकृषिक परवानगीचा जुना दट्ट्या बराच सैल झाला आहे. ४२-ड तर गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीबद्दलच आहे. या तरतुदी वरचेवर बदलतात, तेव्हा तक्रारीच्या दिवशी लागू असलेला मजकूर तहसील किंवा नगररचना कार्यालयातून तपासून घ्या.

म्हणून तक्रार वापराबद्दल करू नका, अटीबद्दल करा. वीटभट्टी चालते, पण वस्तीपासूनचे अंतर पाळले का? प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना-संमती आहे का? लेआउट चालते, पण मंजूर रेखांकन आहे का? ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीत दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, ती सोडली का, की तिचेही प्लॉट पाडले? आतले रस्ते नियमाच्या रुंदीचे आहेत का? नाल्याला अंतर सोडले का? पूररेषेच्या आत तर नाही? हायवेच्या मध्यापासून इमारत रेषा पाळली का?

मोकळ्या जागेबद्दल जास्त जागरूक राहा. लेआउट मंजूर होताना नकाशात बाग असते. चार-पाच वर्षांनी तिथे घर उभे राहते, कारण ती जागा ग्रामपंचायतीच्या ताब्यात कधी घेतलीच गेली नव्हती. मंजूर रेखांकनाची प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी असेल, आणि मोकळ्या जागा व रस्ते यांचा ताबा लेखी घेतलेला असेल, तर हा प्रकार होत नाही.

ग्रामसभेचा ठराव: त्याने काय होते, काय होत नाही

ग्रामसभेने झोन बदलत नाही, हे आधी स्वच्छ सांगतो. पण ठराव नसेल तर गावाचे म्हणणे काय होते ते कुठेच नोंदले जात नाही, आणि पुढे सुनावणीला गेलेला माणूस एकटा पडतो.

ग्रामसभेची नोटीस निदान सात दिवस आधी लागते, विषयपत्रिकेत हा विषय स्पष्ट शब्दांत हवा. ‘ऐनवेळचे विषय’ या खाली झालेला ठराव समोरचा वकील पहिल्याच फटक्यात उडवतो. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतील कमी असेल ती संख्या. त्याआधी महिलांची ग्रामसभा घ्या. विहिरी, सांडपाणी, शाळेच्या वाटेवरचे ट्रक याबद्दल बाया जे बोलतात ते ठरावात आले की त्याला वजन येते.

ठराव असा लिहा:

“मौजा ____, तालुका ____, येथील खसरा क्र. ____, आराजी ____ हे. आर. ही जमीन मंजूर प्रादेशिक योजनेत शेती विभागात आहे (झोन दाखला क्र. ____, दि. ____). सदर जमिनीवर रेखांकनाची मंजुरी न घेता प्लॉट पाडल्याचे व पूर्वेकडील नाल्यात भराव टाकल्याचे ग्रामसभेच्या निदर्शनास आले. सदर भराव काढून नाला पूर्ववत करावा, अनधिकृत विकास थांबवावा व प्लॉट विक्रीस प्रतिबंध करावा, अशी मागणी मा. जिल्हाधिकारी यांच्याकडे करण्याचे ठरले. सूचक ____, अनुमोदक ____. ठराव बहुमताने मंजूर. विरोधात मते ____.”

विरोधातली मते लपवू नका. जिथे शंभर टक्के एकमत दाखवले जाते, तिथेच नंतर दहा जणांची प्रतिज्ञापत्रे येतात की आमची सही आम्ही केली नाही.

गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ आणि अमरावतीतल्या अनुसूचित क्षेत्रात पेसा, म्हणजे तिथल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू आहे. तिथे टोल्याची, पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा मान्य होऊ शकते आणि भूसंपादनासारख्या बाबतीत तिच्याशी आधी सल्लामसलत बंधनकारक आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाच्या हातात तर वनहक्क कायदा, २००६ चे, वन राखण्याचा अधिकार देणारे कलम ५ आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला, आणि ग्रामसभा नियम करून ते स्वतः पाळायला लावू शकते हे तिथे दिसले.

झोन बदलून घ्यायचा असेल

आधी विचारा, झोनच बदलायचा आहे का? गावाला घरकुलांसाठी जागा हवी असेल तर गावठाण विस्तार हा वेगळा आणि बहुधा सरळ रस्ता आहे. महसूल संहितेच्या कलम १२२ प्रमाणे गावाच्या जागेची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. ग्रामपंचायतीचा ठराव, कुटुंबांची यादी, जागेचा सातबारा आणि मोजणी नकाशा घेऊन तिकडे जा.

झोनच बदलायचा तर प्रादेशिक योजनेसाठी १९६६ च्या कायद्याचे कलम २०. निर्णय राज्य सरकारचा, म्हणजे नगरविकास विभागाचा. क्रम असा असतो. प्रस्ताव जिल्हाधिकारी आणि नगररचना कार्यालयामार्फत वर जातो. सरकारला योग्य वाटले तर कलम २०(३) खाली राजपत्रात सूचना निघते आणि हरकती मागवल्या जातात. नेमलेला अधिकारी, बहुधा विभागाचा सहसंचालक, नगररचना, सुनावणी घेऊन अहवाल देतो. मग कलम २०(४) खाली अंतिम अधिसूचना. नगरपंचायत किंवा प्राधिकरणाची विकास योजना असेल तर कलम २० ऐवजी कलम ३७ चा किरकोळ फेरबदल.

प्रस्तावात ‘गावाचा विकास होईल’ एवढ्याने काही होत नाही. काय लिहायचे ते सांगतो. सध्याचा झोन आणि मागितलेला झोन, खसरावार. त्या जागेला रस्ता किती मीटरचा आहे. पिण्याचे पाणी कुठून येणार. सांडपाणी कुठे जाणार. नदी, नाला, तलाव, वनजमीन यांपासून अंतर. जमीन ओलिताची आहे का, कालव्याच्या लाभक्षेत्रात येते का. येत असेल तर जलसंपदा विभागाचा अभिप्राय आधीच मागवून ठेवा, नाही तर फाईल तिथेच अडते. काळ्या मातीत पाया किती खोल जातो हे इथल्या प्रत्येक मिस्त्रीला माहीत आहे, म्हणून बरड जागा हाताशी असताना ओलिताची काळी जमीन रहिवासात टाकण्याचा प्रस्ताव मी तरी कधी सुचवणार नाही.

आणि एक कळकळीचे सांगणे. एका माणसाच्या एका खसऱ्यापुरता बदल मागायला गावाने पुढे होऊ नये. गावाचा विचार करून चार-पाच जागांची तुलना मांडा, त्यातली एक का योग्य ते लिहा. असा प्रस्ताव सुनावणीत टिकतो आणि गावातही टिकतो.

दुसऱ्याने झोन बदल मागितला आहे: हरकत कशी घ्याल

कलम २० च्या सूचनेवर हरकतीला राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून ३० दिवस मिळतात. गावात राजपत्र कोणी वाचत नाही, आणि वर्तमानपत्रातली जाहिरात कधी कधी अशा पेपरात येते की तो गावात येतच नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला दर महिन्याला नगररचना कार्यालयात फोन करून ‘आमच्या गावाची काही सूचना निघाली का’ हे विचारायला लावा आणि उत्तर मासिक सभेत नोंदवा.

हरकत व्यक्तिगत असावी, आणि प्रत्येकाची वेगळी. एकाच मजकुराच्या दोनशे झेरॉक्स प्रतींपेक्षा वेगवेगळ्या पंधरा हरकती भारी पडतात. वरच्या कास्तकाराने पाण्याचा निचरा अडेल असे लिहावे आणि नाल्याचा नकाशा जोडावा. विहीरवाल्याने विहिरीचे अंतर लिहावे. शाळा समितीने रस्त्याची रुंदी लिहावी. शेवटी “मला समक्ष सुनावणीची संधी द्यावी” ही ओळ टाकाच. पोच घ्या, नाही तर स्पीड पोस्टने पाठवा. सुनावणीला दोन प्रती घेऊन जा, एक त्यांना द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून आणा.

विकास परवानगीच्या अर्जावर हरकत असेल तर आणखी घाई करा. १९६६ च्या कायद्याच्या कलम ४५ मध्ये अर्जाला ६० दिवसांत उत्तर न दिल्यास, काही अटींवर, परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद आहे. तुमची हरकत त्याआधी फाईलला लागली पाहिजे.

अंमलबजावणी: पहिल्या आठवड्यातच

बांधकाम जोत्यापर्यंत असताना थांबवता येते. स्लॅब पडला की तेच काम दहापट जड होते, कारण तोवर आत कुणाचे तरी कुटुंब राहायला आलेले असते आणि गावालाच त्यांची दया येते.

म्हणून पहिल्या दिवशी पंचनामा. पाच पंच, त्यात दोन तरी शेजारच्या धुऱ्याचे. तारीख, वेळ, खसरा नंबर, चतुःसीमा. टेपने माप: भराव किती लांब, किती रुंद, किती उंच. कोणते वाहन, त्याचा नंबर. मोबाइलवर तारीख आणि ठिकाण उमटेल असे फोटो, एकाच जागेवरून, दर दोन-तीन दिवसांनी. पटवाऱ्याला बोलावणे पाठवा. आले तर त्यांची सही घ्या, नाही आले तर ‘कळवूनही उपस्थित नव्हते’ असे लिहा. भाषा कोरडी ठेवा. ‘भूमाफिया’, ‘गुंड’ असे शब्द पंचनाम्यात आले की तो पुरावा राहत नाही.

त्यानंतर तक्रारी वेगवेगळ्या दारात, एकाच दिवशी, प्रत्येकाला त्याच्या अधिकारापुरती:

जिल्हाधिकारी किंवा नियोजन प्राधिकरणाला १९६६ च्या कायद्याची तक्रार. कलम ५४ खाली काम थांबवण्याची नोटीस, कलम ५३ खाली अनधिकृत बांधकाम काढण्याची नोटीस, कलम ५२ खाली फौजदारी. कलमे लिहूनच मागा.

तहसीलदाराला दोन वेगळे अर्ज. विनापरवानगी अकृषिक वापराबद्दल महसूल संहितेचे कलम ४५. नाला अडवला किंवा पांदण बुजवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५. या दुसऱ्या दाव्याला अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे. ही मुदत सगळ्यांत जास्त वेळा चुकते. लोक निवेदनांत सहा महिने घालवतात आणि मग दाव्याचे कळते. माझ्या मते पाणी अडल्याच्या प्रकरणात याच्याइतके जलद हत्यार कास्तकाराच्या हातात दुसरे नाही. तहसीलदार स्थळपाहणी करतो, दोन्ही बाजू ऐकतो आणि आदेश देतो.

मुरूम गावातूनच उपसला असेल तर गौण खनिजाची तक्रार, तीही तहसीलदाराकडे, खड्ड्याच्या मापासह. वीटभट्टी, क्रशर, जिनिंग अशा उद्योगाबाबत प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय.

लेआउट असेल तर महारेरा, म्हणजे बांधकाम व प्लॉटच्या प्रकल्पांची नोंदणी करणारे राज्याचे प्राधिकरण. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा आठपेक्षा जास्त प्लॉटच्या प्रकल्पाला, नियोजन क्षेत्रात, नोंदणीशिवाय जाहिरातही करता येत नाही. त्या फ्लेक्सवर महारेराचा क्रमांक आहे का पाहा. नसेल तर फ्लेक्सचाच फोटो काढून तक्रारीला लावा. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःचा फलक लावावा: ‘खसरा क्र. ____ मधील रेखांकनास मंजुरी असल्याची नोंद ग्रामपंचायतीकडे नाही. प्लॉट घेण्यापूर्वी नगररचना कार्यालयात चौकशी करावी.’ अशा लेआउटमध्ये फसणारे बहुतेक जण आपलेच असतात, कपाशीच्या नाही तर सोयाबीनच्या पैशातून पोराच्या नावाने एक प्लॉट घेणारे. त्यांना आधी सांगणे हीसुद्धा अंमलबजावणीच आहे.

गायरान, ई-क्लास, झुडपी

सरकारी जमिनीचा मामला निराळा. वऱ्हाडात ई-क्लास म्हणतात, पूर्व विदर्भात चराई, निस्तार, झुडपी. सार्वजनिक रस्ता आणि मोकळ्या जागेवरचे अतिक्रमण काढण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने पंचायतीलाच दिला आहे, आणि पंचायत हलली नाही तर जिल्हाधिकारी करू शकतात. गायरानाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा, गावाच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे काढायला सांगणारा जगपाल सिंग निकाल आणि राज्याचा १२ जुलै २०११ चा शासन निर्णय, दोन्ही तक्रारीत लिहा. महसूल संहितेचे कलम २२-अ गायरान दुसऱ्या कामाला वळवण्यावर बंदी घालते.

पूर्व विदर्भातल्या गावांनी निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे दोन जुने कागद काढलेच पाहिजेत. महसूल संहितेच्या कलम १६१ आणि १६५ चे हे दस्त. गुरांची वाट, सरपणाची जागा, तलावाचे पाणी, प्रेत नेण्याचा रस्ता, हे सगळे त्यात लिहिलेले असते. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पोटात कोणी प्लॉट पाडले तर सातबाऱ्यापेक्षा हा कागद जास्त बोलतो.

झुडपी जंगलाबद्दल २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांतली सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जमीन वन म्हणून धरायची. म्हणजे सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ असेल तर तिथला वापर बदलणे राज्याच्या झोन बदलाने भागत नाही, वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम, १९८० आड येतो. अशा जमिनीवर ग्रामपंचायतीने कोणतेही ‘ना हरकत’ देऊ नये.

इथे माझे एक ठाम मत आहे. अतिक्रमण काढायला सुरुवात करायची तर गोदाम, ढाबा, शेतात वळवलेली दहा एकर यांपासून करा. भूमिहीनाच्या झोपडीपासून नको. तिच्यासाठी नियमितीकरणाचे, घरकुलाचे, वनहक्काचे रस्ते आहेत, ते आधी तपासा. आणि ग्रामपंचायत सदस्याने किंवा त्याच्या कुटुंबाने सरकारी जागेवर अतिक्रमण केले असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ज-३) खाली तो अपात्र ठरतो. ही तरतूद निवडणुकीचा राग काढायला वापरली जाताना दिसते. मोजणी नकाशा हातात असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

कार्यालय हलत नसेल तर

पंधरा दिवसांनी स्मरणपत्र, आधीच्या पोचेचा क्रमांक टाकून. महिन्याने माहिती अधिकारात एकच प्रश्न: ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजवर झालेली दैनंदिन कार्यवाही आणि टिपणीच्या प्रती.’ त्यानंतर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन. शेवटी उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ, प्रदूषणाचे असेल तर पुण्याचे हरित न्यायाधिकरण. वकिलाची फी झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि ठरावीक उत्पन्नाखालच्यांना मोफत वकील मिळतो.

नोटीस निघाली म्हणजे काम झाले असे धरू नका. नोटिशीची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिहा आणि दुसऱ्या दिवशी जागेवर जाऊन पुन्हा पंचनामा करा. आदेश झाला की त्याची प्रत दुय्यम निबंधक कार्यालयाला, महावितरणला आणि पटवाऱ्याला द्या, म्हणजे खरेदीखत, वीज जोडणी आणि फेरफार या तिन्ही वेळी तो समोर येईल. या सगळ्याची एक वही ग्रामपंचायतीत ठेवा: खसरा क्रमांक, तक्रारीची तारीख, पोच, नोटीस, आदेश, पुढची तारीख. सरपंच बदलला, अधिकारी बदलले की प्रकरण मागे पडते, म्हणून कार्यभार सोपवताना दप्तराच्या यादीत या वहीची नोंद करून, नव्या सरपंचाची सही घेऊनच ती द्या.